टाका तोच, यंत्र मात्र वेगळं

मंडळी, या शनिवारचा विषय आहे शिलाई मशीन. हसू नका! पेटंटवरून कोर्टकचेऱ्या, हप्त्यावर विक्री, एका कंपनीचा सुटा भाग दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात बसणं, हार्डवेअरचं काम हळूच सॉफ्टवेअरकडे जाणं... आमच्या कॉम्प्युटरच्या धंद्यात जे जे घडलं, त्यातलं बरंचसं या काळ्या, सोनेरी वेलबुट्टीच्या यंत्राच्या बाबतीत आधीच होऊन गेलंय.

शिवणकाम करणाऱ्या माणसाला हमखास पडणारा एक प्रश्न आहे. साधं मेकॅनिकल मशीन घ्यावं की इलेक्ट्रॉनिक? दुकानदार याचं उत्तर टाक्यांच्या संख्येत देतो. यात बारा टाके आहेत, त्यात शंभर आहेत, म्हणजे ते भारी. मला हे उत्तर पटत नाही. कारण एक साधी टीप घातली आणि कापड उलटंपालटं करून बघितलं, तर ती पायमशीनवर घातली की कॉम्प्युटराइज्ड मशीनवर, हे सांगता येणं कठीण आहे. टाका तोच आहे, १८४६ मध्ये पेटंट मिळालेला. मग मधल्या पावणेदोनशे वर्षांत बदललं काय? ते बघायचं तर जरा मागे जावं लागेल.

आधी टाका समजून घेऊ

हाताने शिवताना आपण सुई कापडातून पूर्ण आरपार काढतो, पलीकडून पकडतो आणि परत घालतो. यंत्राला हेच जमत नाही. सुई सोडायची आणि पलीकडून धरायची, म्हणजे दोन हात आले. अनेकांनी यंत्राकडून हाताची नक्कल करून घ्यायचा प्रयत्न केला आणि तिथेच ते अडकले. कोडं सुटलं ते नक्कल सोडून दिल्यावर. सुईचं भोक मागच्या टोकाला न ठेवता अणकुचीदार टोकापाशी आणायचं. मग सुई पूर्ण आरपार जायची गरजच नाही. ती दोरा घेऊन खाली जाते आणि वर यायला लागते. साधारण दोन-अडीच मिलिमीटर वर आली की दोरा सैल पडून कापडाखाली छोटासा फास तयार होतो. नेमक्या त्याच क्षणी खालून शटल किंवा हूक येतो, तो फास पकडतो आणि बॉबिनचा दोरा त्यातून पार होतो. मग वरचा दांडा दोरा ओढून घेतो आणि दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या जाडीत मधोमध बसते. झाला टाका.

यात सगळा खेळ वेळेचा आहे. हूक किंचित लवकर आला की फास तयार झालेला नसतो, किंचित उशिरा आला की फास निघून गेलेला असतो. मिस्त्री लोक मशीन 'टाका सोडतंय' म्हणतात तेव्हा बऱ्याचदा हेच बिघडलेलं असतं.

चार माणसं आणि एक भांडण

या यंत्राचा एकच असा बाप नाही. इंग्लंडमध्ये थॉमस सेंट नावाच्या माणसाने १७९० मध्येच चामडं शिवण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. फ्रान्समध्ये बार्थेलेमी तिमोनिए हा स्वतः शिंपी. त्याने १८३० मध्ये साखळी टाक्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि पॅरिसमध्ये सुमारे ८० यंत्रं लावून सैन्याचे गणवेश शिवायला सुरुवात केली. १८३१ च्या जानेवारीत पॅरिसच्या शिंप्यांचा जमाव आला आणि त्याने ती यंत्रं फोडून टाकली. तिमोनिए १८५७ मध्ये गरिबीतच वारला. या जमावाची नंतर पुष्कळ टिंगल झाली, प्रगतीचे शत्रू वगैरे. मला तसं वाटत नाही. ते का ते शेवटी सांगतो.

अमेरिकेत वॉल्टर हंट याने १८३४ च्या आसपास दोन दोऱ्यांचा टाका घालणारं यंत्र बनवलं, पण पेटंट घेतलं नाही. शिवणकाम करून पोट भरणाऱ्या बायका बेकार होतील असं त्याची मुलगी म्हणाली म्हणून, असं सांगतात. (हा तोच गृहस्थ ज्याने सेफ्टी पिन शोधली आणि हक्क ४०० डॉलरला विकून टाकले. धंद्याची अक्कल बेताचीच!)

मग आला इलायस हाऊ. १८४५ मध्ये त्याने बॉस्टनला पाच तरबेज शिवणकरणींशी आपल्या यंत्राची शर्यत लावली आणि जिंकली. १० सप्टेंबर १८४६ ला त्याला पेटंट मिळालं. पण यंत्र ३०० डॉलरचं, विकत कोण घेणार? तो नशीब काढायला इंग्लंडला गेला, तिथेही फसला, परत आला तेव्हा बायको मरणपंथाला लागलेली. आणि बघतो तर काय, त्याच्याच कल्पनेवर दुसऱ्यांनी धंदा सुरू केलेला.

त्या दुसऱ्यांत सगळ्यात मोठा म्हणजे आयझॅक सिंगर. मूळचा नाटकवाला, आवाज मोठा, स्वभाव उद्योगी. १८५० मध्ये बॉस्टनच्या एका कारखान्यात दुरुस्तीला आलेलं यंत्र त्याने पाहिलं आणि रचनाच बदलली. सुई उभी, वरखाली होणारी. कापड आडव्या टेबलावर, वरून दाबून धरायला पाय. १८५१ मध्ये त्याला पेटंट मिळालं. आजही कुठलंही मशीन समोर घेतलंत तर हीच मांडणी दिसेल.

चौथा ॲलन विल्सन. याचं नाव कुणाला ठाऊक नसतं, पण माझ्या मते या चौघांतला सगळ्यात सुंदर इंजिनिअर हाच. फिरता हूक त्याचा (१८५१) आणि कापड पुढे सरकवणाऱ्या दातांची चौपदरी चाल त्याचीच (१८५४). वर ये, कापड ढकल, खाली जा, परत जागेवर ये. चार हालचाली, बस्स. आजच्या सगळ्यात महागड्या मशीनमध्येसुद्धा सुईखाली हेच दात आहेत.

आता अडचण अशी की चांगलं यंत्र बनवायला या सगळ्यांच्या कल्पना एकत्र लागत होत्या आणि पेटंटं वेगवेगळ्या खिशांत होती. सगळे एकमेकांवर खटले भरत सुटले. १८५४ मध्ये सिंगरला हाऊला १५,००० डॉलर मोजावे लागले. ॲपल आणि सॅमसंगचं २०११ ते २०१८ चाललेलं भांडण आठवतंय? तोच प्रकार. शेवटी १८५६ मध्ये हाऊ आणि तीन मोठ्या कंपन्यांनी तह केला. सगळी पेटंटं एका टोपलीत टाकायची आणि प्रत्येक यंत्रामागे ठरावीक रक्कम घ्यायची. पेटंटची अशी सामायिक टोपली अमेरिकेत पहिल्यांदा झाली ती शिलाई मशीनसाठी. हाऊचं पेटंट १८६७ मध्ये संपलं, टोपलीही १८७७ मध्ये विसर्जित झाली.

हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.

त्याच १८५६ मध्ये सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने मशीन हप्त्यावर द्यायला सुरुवात केली. ही मला तांत्रिक शोधांइतकीच मोठी गोष्ट वाटते. त्या काळच्या एका कंपनीच्या हिशेबानुसार पुरुषाचा एक सदरा हाताने शिवायला चौदा तासांहून जास्त लागायचे, यंत्रावर सव्वा तास. पण यंत्राची किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेर. हप्त्यामुळे ते कारखान्यातून घरात आलं. अर्थात त्याच यंत्राने घाम गाळणारे शिवण-कारखानेही उभे केले, हेही खरं.

लोखंडातलं सॉफ्टवेअर

मेकॅनिकल मशीन उघडून बघितलं तर मला ते एखाद्या नीट लिहिलेल्या प्रोग्रॅमसारखं वाटतं. वर एक मुख्य दांडा फिरतो. सुई, दोरा ओढणारा दांडा, दात, हूक, सगळ्यांना हालचाल याच दांड्याकडून मिळते. आमच्या भाषेत सांगायचं तर एकच क्लॉक आहे आणि सगळे त्याच्या ठोक्यावर चालतात. कुणी पुढेमागे होऊच शकत नाही, कारण ते लोखंडाने एकमेकांना बांधलेले आहेत.

सरळ टाक्यानंतर आला झिगझॅग. त्यात सुई वरखाली होता होता डावी-उजवीकडेही झुलते. आपल्याकडे साडीला पिको करतात तो याच झिगझॅगच्या जिवावर. ही झुलण्याची हालचाल द्यायला वापरतात कॅम. म्हणजे एक चकती, जिच्या कडेला उंचवटे आणि खळगे कापलेले असतात. चकती फिरते, एक बोट तिच्या कडेवरून घासत जातं आणि उंचवटा आला की सुई एकीकडे, खळगा आला की दुसरीकडे. नक्षी बदलायची तर चकती बदला. स्वित्झर्लंडच्या एल्ना कंपनीने १९५२ मध्ये सुपरमॅटिक नावाचं मशीन काढलं, त्यात अशा चकत्या काढता-घालता यायच्या. गेम बदलायला कॅसेट बदलावी तसं! फरक एवढाच की हा प्रोग्रॅम तुम्ही बोटाने चाचपून 'वाचू' शकता. झिजला तर झिजलेला दिसतो. आणि चांगला कारागीर तो कापून नवीनही करू शकतो.

इलेक्ट्रिक आणि इलेक्ट्रॉनिक, गल्लत नको

बरेच लोक मोटर लावलेल्या मशीनला इलेक्ट्रॉनिक म्हणतात. तसं नाही. मोटर लावली म्हणजे पायाऐवजी वीज दांडा फिरवते, एवढंच. सिंगरने विजेवरचं मशीन १८८९ मध्येच काढलं होतं. आतली रचना मेकॅनिकलच. या मशीनची एक खोड म्हणजे जुन्या पद्धतीच्या पायातल्या रेग्युलेटरने वेग कमी केला की जोरही कमी होतो. जीन्सच्या चार पदरांवर आलं की मोटर नुसती गुणगुणत बसते आणि शिवणारीला हाताने चाक फिरवून सुई पार करावी लागते.

इलेक्ट्रॉनिक्स आलं त्यातलं एक महत्त्वाचं काम हेच, वेग कमी असतानाही सुईचा पूर्ण जोर टिकवणं. आणि मग १९७५ मध्ये सिंगरने अथेना २००० बाजारात आणलं. यात नक्षीचे कॅम गेले आणि त्यांच्या जागी चिप आली. साडेतीनशेच्या आसपास यांत्रिक भाग त्या एका इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलने वाचवले असं तेव्हा सांगितलं जायचं. १९७९ मध्ये जपानच्या जानोमेचं मेमरी ७ आलं, १९९० मध्ये त्यांचंच घरी भरतकाम करणारं मेमरी क्राफ्ट ८०००.

चिप नेमकं करते काय? प्रत्येक टाक्यासाठी तिच्याकडे दोन आकडे असतात. सुई आडवी किती सरकवायची आणि कापड पुढे-मागे किती ढकलायचं. छोट्या मोटरी त्याप्रमाणे हालचाल करतात. मुख्य दांड्यावर एक सेन्सर असतो, तो सांगतो की सुई आता कापडाच्या बाहेर आहे, हलवायची तर आत्ताच हलव. पण सुई आणि हूक यांचं नातं घरगुती मशीनमध्ये आजही लोखंडाचंच आहे! दांडा आणि गिअर किंवा पट्टा. फास पकडण्याचा तो अडीच मिलिमीटरचा क्षण सॉफ्टवेअरच्या हाती दिलेला नाही. हे वाचल्यावर मला त्या डिझाइन करणाऱ्यांबद्दल आदरच वाटला. जिथे चूक चालणार नाही तिथे जुनं राहू दिलं.

गंमत म्हणजे सिंगरला याचा फायदा फारसा झाला नाही. बायका नोकरीला लागल्या, तयार कपडे स्वस्त झाले, अमेरिकेत घरी कपडे शिवणंच कमी झालं. १९८६ मध्ये सिंगरने आपला शिलाई मशीनचा धंदाच वेगळा काढून टाकला.

आपल्याकडची गोष्ट

यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनी शिलाई मशीनला मात्र सूट दिली होती. १९२४ च्या नोव्हेंबरमध्ये 'यंग इंडिया'त छापून आलेल्या एका संवादात त्यांनी ही सूट दिली. मोजक्या उपयुक्त शोधांपैकी हा एक, आणि सिंगरने बायकोचे कष्ट बघून प्रेमापोटी हे यंत्र केलं, असं त्यांचं म्हणणं. प्रत्यक्षात सिंगरसाहेबांचे संसार बरेच, मुलं दोन डझन आणि लक्ष पैशावर! पण मुद्दा गांधीजींचा बरोबर होता. हे यंत्र माणसाच्या हाताला मदत करतं आणि एका माणसाच्या मालकीचं असू शकतं.

१९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने 'उषा' आणलं. पुढे लुधियानात शिलाई मशीन आणि त्यांचे सुटे भाग बनवणारे कितीतरी छोटे कारखाने उभे राहिले. हे सगळं शक्य झालं कारण मूळ पेटंटं केव्हाच संपली होती. सिंगरच्या '१५ क्लास' मशीनची रचना दुसऱ्या महायुद्धानंतर जपान्यांनी सरसकट उचलली, आपल्याकडेही तीच पसरली. शटल, बॉबिन, सुई सगळं ठरलेल्या मापाचं. आमच्या भाषेत, ओपन स्टँडर्ड.

आमची मावशी मिरजेला असते. ब्लाउज, पिको-फॉल, शाळेचे गणवेश यावर तिने दोन मुलांची शिक्षणं केली. २०१५ मध्ये बचत गटाचं कर्ज काढून तिने एक कॉम्प्युटराइज्ड भरतकामाचं मशीन घेतलं. उगाच खोटं का बोला, त्या मशीनने तिला चांगले पैसे दिले. ब्लाउजच्या बाहीवर मोर काढून द्यायला लागल्यावर शिलाई दुप्पट झाली. मग २०२१ मध्ये ते एके दिवशी बंद पडलं. कंपनीच्या सर्व्हिसवाल्याने उत्तर दिलं, मॉडेल बंद झालंय, बोर्ड येत नाही, नवीन घ्या. मावशी मला म्हणाली, "अरे तू कॉम्प्युटरवाला ना? बघ की रे काय होतंय का." बघितलं. मोटरी ठीक, सुई-हूक ठीक, लोखंड ठणठणीत. गेली होती एक चिप. तसली चिप बाजारात मिळतही होती, पण कोरी. तिच्यातला प्रोग्रॅम कंपनीकडे, आणि तो त्या देईनात.

त्याच महिन्यात तिच्या १९७४ च्या पायमशीनचं शटल झिजलं. पेठेतल्या मिस्त्रीने डब्यातून एक शटल काढलं, भलत्याच कुठल्या कारखान्याचं, आणि बसवून दिलं. अर्ध्या तासाचं काम.

मग कुठलं चांगलं?

तुलनाच करायची तर प्रामाणिकपणे करू. इलेक्ट्रॉनिक मशीन काजं एकसारखी करतं, नक्षी ढीगभर देतं, हळू चालवलं तरी जोर सोडत नाही. ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांना पायाला हात न लावता नुसतं बटण दाबून शिवता येतं, ही तर फार मोठी गोष्ट. मेकॅनिकल मशीन कमी गोष्टी करतं, पण वर्षानुवर्षं करतं. पायाचं असेल तर वीज नसली तरी चालतं. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्रातल्या गावांनी रोजचं भारनियमन सोसलं, तेव्हा ज्यांच्याकडे पायमशीन होतं त्यांची ऑर्डर अडली नाही.

पण माझ्या लेखी खरा फरक टाक्यांचा नाही, आयुष्य कुणाच्या हातात आहे याचा आहे. आता ते दोन आकडे आठवा. हाऊचं पेटंट १४ वर्षांचं, वाढवून २१ वर्षांचं, १८६७ मध्ये संपलं. त्यानंतर ते ज्ञान सगळ्यांचं झालं आणि म्हणून लुधियाना घडलं, म्हणून मिरजेच्या मिस्त्रीच्या डब्यात शटल होतं. चिपमधला प्रोग्रॅम मात्र पेटंटखाली नाही, कॉपीराइटखाली येतो. आपल्या कायद्यात प्रोग्रॅम म्हणजे साहित्यकृती, कादंबरीसारखी. त्याचा हक्क लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो! लोखंडी कॅमचं गुपित वीस वर्षांत सुटतं, तोच कॅम प्रोग्रॅममध्ये लिहिला तर शंभर वर्षं सुटत नाही. यंत्र तेच काम करतंय, फक्त ते काम धातूतून अक्षरांत गेलं, आणि कायद्याने त्याला वेगळ्याच कप्प्यात टाकलं.

१८३१ चे ते पॅरिसचे शिंपी मला म्हणून मूर्ख वाटत नाहीत. त्यांची भीती सुईची नव्हती. ८० यंत्रं एका मालकाची आणि आपण बाहेर, ही भीती होती. पुढे हप्त्याने आणि संपलेल्या पेटंटांनी यंत्र शिवणाऱ्याच्या स्वतःच्या घरात आलं आणि ती भीती बरीचशी विरली. चिपने ती मागल्या दाराने परत आणली आहे. मशीन मावशीच्या घरात, हप्ते मावशीने फेडलेले, पण त्याचा जीव दुसऱ्याच्या कपाटात.

आणि ही चिप लिहिणारे कोण? माझ्यासारखेच, सॉफ्टवेअरवाले. भारत सरकारने २०२२ च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं, ही चांगली सुरुवात आहे. पण माझी मागणी त्याहून साधी आहे. कंपनीला मॉडेल बंद करायचं तर खुशाल करू दे. बंद केलं त्या दिवशी त्याचा नकाशा आणि प्रोग्रॅम मोकळा करावा. विकायचं नाही म्हटल्यावर झाकून ठेवण्यात नफा तरी काय? आपला देश त्या प्रोग्रॅमचं काय करायचं ते बघून घेईल. लुधियानाने शटलचं केलं तसं.

तोवर मशीन घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला टाके किती हे विचारू नका. बोर्ड गेला तर किती वर्षं मिळेल, ते विचारा. आणि उत्तर बिलावर लिहून घ्या.

असो. पुढच्या शनिवारी भेटू.